डिकी नसलेली गाडी: टाटा एस्टेट आणि मामाची तीस वर्षं

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना सुरुवातीचा तो आवाज आठवत असेल. आधी चावी फिरवल्याची टकटक, मग काही सेकंद शांतता, आणि मग जुन्या डिझेल इंजिनाचा खडखडाट. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं, ट्रॅक्टर होता का? नाही हो. ती माझ्या मामाची टाटा एस्टेट. सोलापूर पासिंग, एमएच-१३, १९९५ सालच्या पाडव्याला घेतलेली. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. थोडं इकडचं तिकडे केलंय, चालवून घ्या.

तुमच्यापैकी बरेच जण दोन हजार सालानंतर जन्मलेले आहात, त्यामुळे ही गाडी तुम्ही रस्त्यावर पाहिलीच नसेल. म्हणून आधी एस्टेट म्हणजे काय ते बघू. साध्या सेडानला इंजिनाची, माणसांची आणि सामानाची अशी तीन खोकी असतात. एस्टेटमध्ये छत थेट मागच्या टोकापर्यंत जातं. वेगळी डिकी नाही. मागे वर उघडणारं मोठं दार, आणि मागची सीट आडवी केली की आत एक छोटी खोलीच तयार होते. अमेरिकेत याला स्टेशन वॅगन म्हणतात, कारण सुरुवातीला अशा गाड्या रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि त्यांच्या ट्रंका आणायला वापरायचे. इंग्लंडमध्ये जमीनजुमला असलेल्यांच्या वाड्यांवर असायच्या, म्हणून एस्टेट. जर्मन लोक कोम्बी म्हणतात. ऑडी अव्हांट म्हणते, बीएमडब्ल्यू टूरिंग म्हणते. नावं दहा, काम एकच: माणसंही न्यायची आणि सामानही, आणि तरी चालवताना टेम्पो चालवल्यासारखं वाटू द्यायचं नाही.

आणि इथेच या गाड्यांची खरी गंमत आहे. जगभर जुन्या गाड्यांचे शौकीन एखादी जपलेली एस्टेट दिसली की स्पोर्ट्स कार सोडून तिच्याभोवती का गोळा होतात? कारण स्पोर्ट्स कार जपली जाणारच असते. ती घेणारा माणूसच तिला कापडाखाली झाकून ठेवतो. एस्टेट घेणारा माणूस तिच्यात कुत्रा बसवतो, सिमेंटची पोती टाकतो, मुलांच्या सायकली कोंबतो. तिचं आयुष्य कामात जातं, आणि कामात गेलेली वस्तू शेवटी भंगारात जाते. मर्सिडीजचं उदाहरण घ्या. त्यांची डब्ल्यू-१२३ मालिका खूप चालली, एकूण २६-२७ लाख गाड्या बनल्या. तिची एस्टेट १९७७ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दाखवली गेली. मागे कितीही वजन भरा, गाडी आपोआप समतल राहील अशी हायड्रॉलिक व्यवस्था तिच्यात होती. पण या एस्टेट बनल्या साधारण दोन लाख. म्हणजे मुळात कमी, त्यात राबवलेल्या, आणि त्यातून वाचलेल्या. आज तिशी-चाळिशीतली चांगली एस्टेट म्हणजे एखाद्या हमालाच्या अंगावर एकही ओरखडा नसावा तसं आहे.

आता आपल्याकडे या.

टाटा एस्टेट आली १९९२ मध्ये. तेव्हा कंपनीचं नाव टेल्को होतं, टाटा मोटर्स हे नाव २००३ मध्ये मिळालं. पुण्यात पिंपरी-चिंचवडला राहणाऱ्या कित्येक घरांमध्ये आजही आजोबा ‘टेल्कोत होतो’ असंच सांगतात. त्याआधी वर्षभर, १९९१ मध्ये, टेल्कोने सिएरा आणली होती, ती तीन दारांची आणि मागे वळणदार मोठ्या काचा असलेली. सिएरा आणि एस्टेट सख्ख्या बहिणी. दोघी एकाच पायावर उभ्या, आणि तो पाया म्हणजे टेल्कोचा पिकअप.

ही उलटी गोष्ट मला फार आवडते. युरोपात आधी सेडान बनते आणि तिची पाठ लांबवून एस्टेट करतात. आपल्याकडे पिकअपला सूटबूट चढवून एस्टेट केली! खाली ट्रकसारखी चासी, मागे पाटे, मागच्या चाकांना ताकद, आणि १९४८ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. ताकद ६८ हॉर्सपॉवरच्या आसपास. दीड टनाहून जास्त वजनाच्या गाडीला ६८ हॉर्सपॉवर म्हणजे काय होतं, ते जुन्या खंडाळा घाटाला विचारा. मामा सांगतो, एक्सप्रेसवे व्हायच्या आधी मुंबईला जाताना घाटात दुसऱ्या गियरमध्ये मामीचा अर्धा डबा खाऊन व्हायचा.

पण आत बसलात की १९९५ च्या हिशेबाने वेगळंच जग होतं. आजूबाजूला अँबॅसिडर आणि पद्मिनी, काच खाली करायची तर हँडल फिरवा. इथे बटण दाबलं की काच खाली. डॅशबोर्डवर इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा. मामेभाऊ तेव्हा सात वर्षांचा होता. त्याने पहिल्या आठवड्यात काच इतक्या वेळा वरखाली केली की मामाने त्याला मागच्या सीटवर हद्दपार केलं. मागून बघितली तर त्या काळच्या मर्सिडीज एस्टेटची आठवण येते, असं लोक तेव्हाही म्हणायचे. ते अगदीच हवेत नव्हतं. टेल्कोने १९५४ ते १९६९ अशी पंधरा वर्षं डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बनवले होते. माझ्या मते पाहुणी राहून गेली की घरात तिच्या हातची एखादी भाजी राहते, तसं काहीतरी.

तरी ती खूप विकली गेली नाही. आपल्याकडे तेव्हा गाडीला मागे डिकी हवीच होती. डिकी म्हणजे प्रतिष्ठा. डिकी नसलेली लांब गाडी म्हणजे एक तर अँब्युलन्स, नाही तर मालाची गाडी. मामाच्या व्याह्यांनी पहिल्यांदा बघून विचारलं होतं, “दवाखाना काढला काय?” १९९४ मध्ये सुमो आली. जास्त माणसं बसवायची तर लोक सुमो घ्यायला लागले. १९९८ च्या शेवटी इंडिका आली आणि टेल्को एकदम वेगळ्या रस्त्याला लागली. २००० च्या सुमारास एस्टेट बंद झाली. नंतरही कंपन्यांनी प्रयत्न केले. मारुतीची बलेनो अल्टुरा, स्कोडाची ऑक्टाव्हिया कोम्बी, टाटांचीच २००४ ची इंडिगो मरीना. कुणाचंच फार जमलं नाही.

मग मामाने का घेतली? मामाचा चादरींचा धंदा. सोलापुरी चादर म्हटल्यावर अजून काही सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या दुकानदारांना नमुने दाखवायचे, छोट्या ऑर्डरी स्वतः पोचवायच्या. सेडानमध्ये गठ्ठे बसत नव्हते, आणि टेम्पोतून उतरलं की दुकानदार नीट बोलत नव्हता. एस्टेटमध्ये मागची सीट पाडली की गठ्ठे बसायचे, आणि मामा पुढून उतरायचा इस्त्रीच्या शर्टात. पुण्याचा तो अडीचशे किलोमीटरचा रस्ता, तेव्हाचा एनएच-९, दोन पदरी. पहाटे निघायचं, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, आणि दुपारच्या आत लक्ष्मी रोडला.

आता ती जपली कशी गेली ते ऐका. यात मामाचा शौक कमी आणि धंदा जास्त आहे. चादरीला ग्रीसचा एक डाग लागला की तो नग गेला. म्हणून मामाने पहिल्याच दिवशी मागच्या भागात गोणपाट टाकलं आणि त्यावर जुनी चादर पसरली. चादर मळली की धुवायची, फाटली की बदलायची. तेरा वर्षं हेच चाललं. २००८ च्या आसपास माल ट्रान्सपोर्टने जायला लागला आणि गाडी घरची झाली. मागच्या वर्षी मी पहिल्यांदा ते गोणपाट उचललं. खाली कंपनीचं कार्पेट जसंच्या तसं, इतकं की ते मूळचं करडं आहे हेही आम्हाला माहीत नव्हतं. जुन्या एस्टेटमध्ये सगळ्यात आधी मरतो तो हाच भाग. तिथे पेट्यांचे कोपरे घासतात, पाणी सांडतं, पत्रा गंजतो. इथे चादरींनी तो वाचवला होता.

दुसरं म्हणजे सोलापूरची हवा. हीच गाडी रत्नागिरीत असती तर आज हा भाग झालाच नसता. कोरड्या हवेत पत्रा टिकतो. मात्र ऊन रबर आणि प्लास्टिक खातं. मामाची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची, तरी डॅशबोर्डला एक भेग आहेच.

तुम्ही कुठे अशी गाडी बघायला गेलात तर रंगाची चमक बघू नका. चमक चार दिवसांत आणता येते. एक छोटं लोहचुंबक रुमालात गुंडाळून न्या आणि दारांच्या खालच्या कडेला, मागच्या चाकांवरच्या कमानीला लावा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. दारांच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात, ती मातीने बुजलेली असतील तर दार आतून कुजत असणार. सगळ्या काचांवरचे शिक्के बघा. सगळे एकाच कंपनीचे आणि एकाच काळातले असतील तर गाडीला मोठा अपघात झालेला नसण्याची शक्यता बरीच. मागचं मोठं दार उघडून तिथलं रबर दाबून बघा. आणि हो, दार वर स्वतः थांबतं का तेही बघा, नाही तर डोक्यात पडेल. मामाच्या गाडीत त्यासाठी एक बांबू ठेवलाय, तो आता गाडीचाच पार्ट आहे.

इंजिनाची काळजी त्यामानाने कमी करा. या डिझेलमध्ये इलेक्ट्रॉनिक मेंदू नाही. पंप यांत्रिक, सगळं स्पॅनरने उघडतं. चावी अर्धी फिरवली की हीटर सिलिंडरमधली हवा तापवतात, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर मारायचा. सुरुवातीला तुम्ही ऐकलेली शांतता तीच. आणि पाया पिकअपचा असल्यामुळे, टेल्कोच्या छोट्या मालगाड्यांवर हात बसलेला कुठलाही मेकॅनिक ती उघडू शकतो. अडतं ते अंगावरच्या वस्तूंपाशी. मागची बाजूची लांब काच, मागच्या दाराचं रबर, आतल्या पट्ट्या, हे फक्त एस्टेटलाच बसतं. ते बनणं थांबून पंचवीस वर्षं झाली. म्हणून जाणकार माणूस इंजिन नंतर ऐकतो, आधी काचा मोजतो.

आता माझी चूक सांगतो. २०२१ मध्ये मला या विषयाची नवी नवी खाज सुटली होती. लॉकडाऊनमध्ये रिस्टोरेशनचे व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलेलं. मामाच्या गाडीच्या बॉनेटवर रंग थोडा उडाला होता. मी मामाच्या मागे लागलो, “मामा, तू फक्त हो म्हण, मी नवीन करून आणतो.” एका गॅरेजवाल्याने बॉनेट घासून, पत्र्यापर्यंत नेऊन, पुन्हा पांढरं केलं. काम त्याने चांगलंच केलं, त्याचा दोष नाही. पण गाडी उन्हात उभी केली आणि माझं तोंड उतरलं. बाकीची गाडी सव्वीस वर्षांत दुधावरच्या सायीसारखी झाली होती. आणि बॉनेट ट्यूबलाइटसारखं! मामा काही बोलला नाही. मामी म्हणाली, “नवीन कवळी बसवल्यासारखं दिसतंय.” अगदी तसंच दिसतं, आजही.

तेव्हा मला जपलेली आणि नवी केलेली यातला फरक कळला. नवी करणं पैशाचं काम आहे. पैसे असले तर पूर्ण कुजलेली गाडीसुद्धा चकाचक करता येते. पण कारखान्यातून निघताना मारलेला रंग, त्या दिवशी लावलेलं रबर, मामाच्या हाताने गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग, हे पुन्हा लावता येत नाही. कॅलिफोर्नियात पेबल बीचला जुन्या गाड्यांचं जगातलं सगळ्यात मानाचं प्रदर्शन भरतं. तिथेही न रंगवलेल्या, जशाच्या तशा राहिलेल्या गाड्यांसाठी वेगळा गट आहे. तिथे फाटलेली सीट चालते. ट्यूबलाइट बॉनेट चाललं नसतं, असं आपलं मला वाटतं.

आता या सगळ्यात घाई का, तर गेल्या पाडव्याला गाडीला तीस वर्षं पूर्ण झाली आणि पासिंगची मुदत संपली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. गाडी तपासायची, ब्रेक, दिवे, चासी नंबर, पीयूसी, वर महाराष्ट्रातला पर्यावरण कर. पूर्वी पंधरा वर्षांवरच्या गाडीची नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० झाली. दिल्लीत तर दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच बंदी कायम केली होती. धूर हा खरा प्रश्न आहे, मी तो नाकारत नाही. मामाची गाडी आता महिन्यातून दोनदा निघते, पण निघते तेव्हा धूर सोडते.

मामेभाऊ म्हणतो, स्क्रॅपला देऊन टाकू. त्याचं चुकीचं नाही. २०२१ च्या धोरणानुसार अधिकृत केंद्रात गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं, आणि नवीन खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. त्याला इलेक्ट्रिक घ्यायचीये. घरासमोर जागा एकाच गाडीची.

मी म्हटलं, मग हिला व्हिंटेज म्हणून नोंदवू. बघायला गेलो तर आपल्याकडे व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची गाडी. २०२१ मध्ये त्यासाठी वेगळे नियम आले, नंबरातही ‘व्हीए’ ही वेगळी अक्षरं येतात. आणि जुन्या गाड्यांची जी जागतिक संघटना आहे, फिवा, ती ऐतिहासिक वाहन कशाला म्हणते? किमान तीस वर्षं जुनं, मूळ स्वरूपात जपलेलं, आणि रोजच्या येण्याजाण्याला न वापरलेलं. म्हणजे गेल्या पाडव्याला मामाची एस्टेट जगाच्या हिशेबाने वारसा झाली, आणि आपल्या कागदावर ती अजून वीस वर्षं नुसती म्हातारी गाडी आहे. पत्रा काही वीस वर्षं थांबत नाही. नव्वदच्या दशकातल्या, पहिल्यांदा इथेच आखलेल्या-घडवलेल्या गाड्या याच फटीत संपणार आहेत. पद्मिनी आणि अँबॅसिडरची सगळ्यांना हळहळ आहे, सिएराचं नाव तरी लोकांच्या तोंडी आहे. एस्टेटचं नाव घेतलं तर तुम्ही मला विचारलंत, ट्रॅक्टर होता का!

दिवाळीत तिघं बसून बोललो. पुण्याचा एक जण गाडी मागत होता, रक्कमही बरी देत होता. पण त्याला ती मॅट काळ्या रंगात हवी होती, मोठे अलॉय लावून. मामाने चहा पाजला आणि नाही म्हणाला. मग मामेभावाकडे वळून म्हणाला, “तू तुझी घे. ही मी गोडाऊनला लावतो. पाच वर्षं करू दे मला पासिंग, पुढचं पुढे.” गोडाऊन म्हणजे जुनं चादरींचं, अर्धं रिकामंच आहे. भाऊ थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “फी मी भरतो, पण बांबू काढा आता.” नोव्हेंबरात पासिंग झालं. तपासायला आलेल्या साहेबांनी चासी नंबर घासून बघितला, दिवे बघितले, आणि मागचं दार उघडून विचारलं, हे कार्पेट नवीन टाकलंय का?

आता गाडी गोडाऊनमध्ये आहे. बॅटरीची एक वायर काढून ठेवलीये. टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून दर रविवारी मामा ती फूटभर पुढेमागे करतो, आणि पंधरा दिवसांनी होटगी रोडपर्यंत एक चक्कर.

एक काम मात्र राहिलंय. मागच्या दाराचं रबर डाव्या कोपऱ्यात कडक होऊन तुटलंय. येत्या पावसाळ्यात पाणी थेट त्या कार्पेटवर जाईल. नाना पेठेत दोन दिवस फिरलो, कुर्ल्याला सीएसटी रोडला जाऊन आलो. सगळे सुमोचं दाखवतात, ते बसत नाही. तुमच्या गावात कुणाच्या वाड्यामागे, पेट्रोल पंपाशेजारी, कुठे एस्टेट उभी दिसली तर मला कळवा. मरून पडलेली असली तरी चालेल, फक्त मागचं दार शाबूत पाहिजे. फोटो काढताना दार उघडून रबराचा काढा. आणि दार उघडताना डोकं सांभाळा.

चला, भेटू पुढच्या भागात.